स्वस्त कपड्यांचा हिशेब: शिवणाऱ्याच्या वाट्याला किती येतं, आणि ऑडिट होऊनही माणसं का मरतात?

उसवण (धागाकर्ती)

परदेशातल्या कारखान्यांत शिवून येणाऱ्या स्वस्त कपड्यांवर एका वाचकगटासाठी टिपण लिहिते आहे. मुख्य भर बांगलादेशवर. राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, त्याची तारीख (२४ एप्रिल २०१३), ठिकाण (ढाक्याजवळचं सावर) आणि मृतांचा आकडा (११३४) कुठेही मिळतो. अडतंय ते त्याच्या पुढे:

१) एका साध्या टी-शर्टात शिवणाऱ्याची मजुरी किती? "मजुरी दुप्पट केली तर कपडे कुणालाच परवडणार नाहीत" असं छातीठोकपणे सांगितलं जातं. हिशेब मांडून कुणी दाखवेल का?

२) मोठे ब्रँड कारखान्यांची ऑडिटं करून घेतात. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला तर २०१२ मध्ये आग लागण्याआधी काहीच आठवडे एसए८००० (कामगारांच्या हक्कांचं आणि सुरक्षिततेचं मानक) प्रमाणपत्र मिळालं होतं. मग ऑडिटमध्ये तपासतात तरी काय?

३) बहिष्कार घालून किंवा महागडा ब्रँड घेऊन काही फरक पडतो का?

हळहळ व्यक्त करणारे लेख भरपूर वाचून झालेत. यंत्रणा कशी चालते ते हवंय.

---

टाकाधागा

पहिला प्रश्न घेतो. हा कागद-पेन्सिलीने सुटतो.

शिलाईच्या कारखान्यात पैशाआधी मिनिटं मोजतात. प्रत्येक कपड्याची एक 'एसएमव्ही' ठरलेली असते. सरावलेल्या ऑपरेटरांनी ठरल्या वेगाने काम केलं तर त्या कपड्याच्या सगळ्या शिलायांना मिळून जितकी मिनिटं लागतील, ती ही संख्या. गोल गळ्याच्या, अर्ध्या बाहीच्या टी-शर्टात कामं मोजकीच: खांदे जोडणं, गळ्याची रिब, मानेमागची टेप, बाह्या लावणं, दोन्ही बाजूंच्या शिलाया, बाहीची आणि खालची कड दुमडणं, लेबल. समजा, सगळं मिळून ६ मिनिटं.

लाइनवर २० ऑपरेटर बसलेत. तासाला २० × ६० = १२०० मिनिटं, भागिले ६, म्हणजे २०० नग. हा कागदावरचा आकडा. धागा तुटतो, कापलेले भाग वेळेवर येत नाहीत, एका मशीनपुढे गठ्ठा साचतो आणि पुढचा ऑपरेटर रिकामा बसतो. म्हणून क्षमता निम्मी धरू: तासाला १०० नग, एका टी-शर्टावर शिलाईची १२ माणूस-मिनिटं.

आता पगार. बांगलादेशात १ डिसेंबर २०२३ पासून किमान वेतन महिना १२,५०० टका आहे. महिन्याचे तास २०८ धरतात (२६ दिवस, रोज ८ तास). १२,५०० भागिले २०८ म्हणजे तासाला ६० टका, मिनिटाला १ टका. म्हणजे १२ मिनिटांचे १२ टका. बेतणी, कापणी, धागे छाटणं, इस्त्री, पॅकिंग आणि हेल्पर धरून हा आकडा सढळ हाताने दुप्पट करू: २४ टका. वेतन जाहीर झालं तेव्हा डॉलर साधारण ११० टकांना होता, २४ टका म्हणजे सुमारे २२ सेंट. ऑपरेटरला किमान वेतनापेक्षा थोडं जास्त मिळतं, सणाचा बोनस असतो, म्हणून हवं तर ३० सेंट धरा.

तर मजुरी दुप्पट केली की नगामागे २०-३० सेंट वाढतात. दुकानदार आपला नफा खरेदीच्या किमतीवर टक्केवारीने लावतो, त्यामुळे किमतीच्या चिठ्ठीवर ही वाढ फुगून ५०-६० सेंट दिसेल. "कुणालाच परवडणार नाही" हा दावा इथेच पडतो.

पण खरी मेख ओव्हरटाइममध्ये आहे आणि ती कुणी दाखवत नाही. १२,५०० हा एकसंध पगार नाही. त्यात मूळ वेतन ६,७००, घरभाडं ३,३५०, औषधोपचार ७५०, प्रवास ४५० आणि जेवण १,२५०. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो, पण दुप्पट कशाच्या? मूळ वेतनाच्या. ६,७०० भागिले २०८, गुणिले २, म्हणजे तासाला ६४ टका ४० पैसे. नेहमीचा तास ६० टकांना पडतो. म्हणजे 'दुप्पट' ओव्हरटाइमचा तास मालकाला नेहमीच्या तासापेक्षा जेमतेम सात टक्क्यांनी महाग. नवीन माणसं घेण्यापेक्षा आहे त्यांनाच रात्री आठ-नऊपर्यंत बसवणं स्वस्त पडतं ते यामुळे.

म्हणून किमान वेतनाची बातमी आली की आधी मूळ वेतन बघायचं. २०१३ मध्ये एकूण ५,३०० होते, मूळ ३,०००. २०१८ मध्ये एकूण ८,००० झाले, मूळ ४,१००. एकूण रक्कम ५१ टक्क्यांनी वाढली, पण मूळ वेतन, आणि त्याबरोबर ओव्हरटाइमचा दर, ३७ टक्क्यांनीच. मथळ्यात फक्त ५१ टक्केच दिसणार.

---

काजबटण

वरच्या प्रतिसादाला +१. त्यात वेळेचा मुद्दा जोडते, कारण मजुरीइतकीच माणसं वेळेत भरडली जातात.

ऑर्डर ठरते तेव्हा दोन गोष्टी दगडावरची रेघ असतात: भाव आणि जहाजात माल चढवायची तारीख. मधलं सगळं सरकतं. नमुना पाठवला, मापावर शेरे आले, पुन्हा नमुना. रंगाचा तुकडा मंजूर व्हायला खरेदीदाराकडे आठवडा पडून राहिला. मग सूत, विणकाम, रंगाई. प्रत्येक टप्प्यावर दोन-चार दिवस गळतात आणि ते सगळे शेवटच्या टप्प्यातून, म्हणजे शिलाईतून, वसूल होतात. तीन आठवड्यांची शिलाई बारा दिवसांवर येते. तारीख चुकली तर भावात कपात, नाहीतर माल विमानाने पाठवायचा आणि भाडं कारखान्याने सोसायचं. टी-शर्टसारख्या मालात ते भाडं कारखान्याची अख्खी शिलाई गिळून बसतं.

अशा वेळी मालकापुढे दोनच वाटा राहतात. रात्र चालवायची, नाहीतर काही हजार नग एखाद्या लहान, यादीत नसलेल्या कारखान्याला गुपचूप द्यायचे. दुसऱ्या वाटेने गेलेला माल ब्रँडच्या कुठल्याच यादीत, कुठल्याच तपासणीत दिसत नाही. म्हणून "आमच्या सर्व पुरवठादारांची तपासणी झाली आहे" हे वाक्य खरं असूनही त्याला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरी गोष्ट, सतत बदलणाऱ्या डिझाइनची. नवीन स्टाइल लाइनवर आली की पहिल्या दिवशी क्षमता २०-३० टक्क्यांवर येते. हात बसायला वेळ लागतो. वरचीच लाइन घ्या: पहिल्या दिवशी २५ टक्क्यांनी ४०० नग, दुसऱ्या दिवशी ३५ टक्क्यांनी ५६०, तिसऱ्या दिवशी ४५ टक्क्यांनी ७२०, मग पुढे रोज ८००. ऑर्डर ५०,००० नगांची असेल तर सुरुवातीची तूट विरून जाते. १,५०० नगांची असेल तर लाइन पूर्ण वेगाला येण्याआधीच ऑर्डर संपते आणि नवी स्टाइल चढते. पावणेतीन दिवस लागतात. ५० टक्क्यांच्या हिशेबाने दोन दिवसही लागायला नकोत. म्हणजे वेळ जवळजवळ दीडपट. पण लाइनच्या टोकाला टांगलेल्या फळ्यावर पहिल्या तासापासून १००च लिहिलेलं असतं आणि भावही त्याच आकड्यावर ठरलेला असतो.

तूट भरून कोण काढतं? फळ्याखाली दर तासाचा आकडा खडूने लिहिला जातो, कमी पडला की सुपरवायझर त्या मशीनपाशी येऊन उभा राहतो. लघवीला जायला लागू नये म्हणून बायका पाणी कमी पितात. त्यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात आणि ही तक्रार या धंद्यात इतकी सर्रास आहे की कुणी तिची वेगळी नोंदही करत नाही. जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं मशीनवर जातात. हजेरी वेळेवर 'आउट' होते आणि त्यानंतरचा तास कुठेच लागत नाही. कायद्याने आठवड्याला ओव्हरटाइम धरून ६० तासांची मर्यादा आहे. कागदावर ती क्वचितच मोडलेली दिसेल.

---

तुळईखांब

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. थोडं लांबेल.

सामाजिक ऑडिट साधारण एक ते तीन दिवसांचं असतं. बहुतेक वेळा तारीख आधी कळवलेली असते आणि पैसे पुष्कळदा कारखानाच भरतो. ऑडिटर हजेरीपट, पगारपत्रकं, वयाचे दाखले, अग्निशामक नळकांड्यांवरची तारीख बघतो. काही कामगारांशी बोलतो, तेही बहुधा कारखान्याच्याच एखाद्या खोलीत. हजेरीपट दोन ठेवलेले असतील तर त्याला दाखवायचा तो दाखवतात. इमारतीच्या खांबात किती सळई आहे, काँक्रीट किती ताकदीचं आहे, हे त्याच्या कक्षेतच नसतं. तो इंजिनिअर नसतो. राणा प्लाझातल्या काही कारखान्यांची अशी ऑडिटं झालेली होती, आणि त्या अहवालांमध्ये इमारत पडू शकते असं कुठेही नव्हतं, कारण तो प्रश्न विचारलाच नव्हता.

इमारत तपासायची तर काम असं चालतं. आधी मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष मजले ताडून बघायचे. राणा प्लाझात परवानगीपेक्षा जास्त मजले चढवलेले होते. मग खांबांवर स्कॅनर फिरवून सळ्यांचं जाळं मोजायचं, काँक्रीटचे दंडगोल कापून काढून ते प्रयोगशाळेत दाबून फोडायचे. मग वजनाचा हिशेब: माणसं, मशीनं, कापडाचे तागे, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि जनरेटर. दुकानं-ऑफिसांसाठी उभारलेल्या मजल्यावर कापडाचे गठ्ठे छताला टेकवले की हिशेब कोलमडतो. वर जनरेटरची थरथर खांबांत सतत उतरत राहते. २३ एप्रिलला भेगा दिसल्या तेव्हा खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. सकाळी नऊच्या सुमारास वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि इमारत बसली. वजन आधीच जास्त होतं, थरथर हा शेवटचा धक्का.

आगीचं शास्त्र वेगळं. ताझरीन फॅशन्स, आशुलिया, २४ नोव्हेंबर २०१२, किमान ११२ मृत्यू. तळमजल्यावर सूत आणि कापड साठवलेलं होतं, आग तिथे लागली. तीन जिने होते, पण तिन्ही आतूनच उतरून त्याच तळमजल्यावर निघत होते. बाहेरच्या बाजूने जिना नव्हता, खिडक्यांना गज होते. धोक्याची घंटा वाजल्यावर लोक उठले, तर त्यांना परत मशीनवर बसवलं गेलं. आगीआधी धूर जिन्यातून वर चढतो. जिन्याला आगरोधक दार नसेल तर जिना म्हणजे नुसतं धुराडं. जिने तीन आहेत की सहा, याने काही फरक पडत नाही.

अली एंटरप्रायझेसमध्ये ११ सप्टेंबर २०१२ ला २५० हून अधिक माणसं गेली. आग मुद्दाम लावली असा निष्कर्ष पुढे न्यायालयाने काढला. पण आग कशी लागली आणि माणसं बाहेर का पडू शकली नाहीत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर बंद दारं आणि गज लावलेल्या खिडक्या.

राणा प्लाझानंतर १५ मे २०१३ ला 'अकॉर्ड' झाला. ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यातला हा करार कायद्याने बंधनकारक होता, आणि ऑडिटपेक्षा तो वेगळा पडतो तो नेमका इथे:

– तपासणी स्थापत्य, आग आणि वीज या तिन्ही विषयांच्या इंजिनिअरांनी करायची आणि प्रत्येक कारखान्याचा दुरुस्ती आराखडा लोकांना पाहता येईल असा प्रसिद्ध करायचा.
– दुरुस्तीचा खर्च कारखान्याला झेपेल अशी व्यवस्था ब्रँडने करायची.
– दुरुस्तीसाठी काम बंद राहिलं तर ठराविक मुदतीपर्यंत कामगारांचा पगार चालू.
– धोका वाटला तर काम नाकारायचा हक्क.
– कारखाना सुधारला नाही तर सही करणाऱ्या सगळ्या ब्रँडनी त्याचं काम थांबवायचं.
– ब्रँडने शब्द फिरवला तर संघटना लवादाकडे जाऊ शकतात. गेल्याही, आणि त्यातून लाखो डॉलर दुरुस्तीसाठी वसूल झाले.

पहिल्या फेरीत अकराशेच्या वर कारखान्यांत ८०,००० पेक्षा जास्त त्रुटी निघाल्या. बहुतेकांत जिन्यांना आगरोधक दारंच नव्हती, वाटेत कुलूप लावता येणारी कोलॅप्सिबल गेटं होती. विजेच्या पॅनेलमध्ये कापसाचा भुसा साचलेला, म्हणजे ठिणगीला आयतं जळण. यातली कुलपं काढणं आणि पॅनेल झाडणं ही एका दिवसाची, बिनखर्चाची कामं. खांबांना काँक्रीटचं वेष्टण चढवणं मात्र महिनोन् महिने चालतं आणि तिथेच दिरंगाई होते.

ऑडिट हे मुख्यतः खरेदीदाराच्या वकिलासाठी असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

सरळरेघ

सगळं मान्य, पण एक विचारतो. हे कारखाने नसते तर या बायका कुठे असत्या? शेतमजुरी, घरकाम, नाहीतर लवकर लग्न. जवळजवळ ४० लाख लोकांना काम देणारा आणि देशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून मोठा वाटा असलेला धंदा आहे. आपण बाहेरून नाकं मुरडायची आणि ऑर्डरी व्हिएतनामला गेल्या की त्यांच्या पोटावर पाय.

---

काजबटण

@सरळरेघ, कारखाने बंद करा असं वर कुणी म्हटलेलं नाही. खुद्द तिथल्या कामगार संघटना बहिष्कार मागत नाहीत. त्यांना वेतनवाढ, संघटना करायची मोकळीक आणि बंधनकारक करार हवेत. "नसते तर काय" हा प्रश्न कुलूपबंद दाराला लागू होत नाही. दार उघडं ठेवल्याने एकही ऑर्डर व्हिएतनामला जात नाही.

ऑर्डरी अचानक आटल्या की काय होतं ते २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये दिसलं. कोविड आला तसे ब्रँडांनी तीन अब्ज डॉलरच्या वर ऑर्डरी रद्द केल्या किंवा रोखल्या, हा तिथल्या कारखानदारांच्या संघटनेचा आकडा. त्यात तयार झालेला मालही होता. इथे व्यवहाराची रीत समजून घ्यायला हवी. कापडाचे पैसे कारखाना आधी भरतो, बहुधा बॅक-टू-बॅक एलसीवर (ब्रँडच्या ऑर्डरीच्या तारणावर बँक कापडासाठी देते ती हमी), आणि ब्रँड माल पोचल्यावर साठ, नव्वद, कधी त्याहून जास्त दिवसांनी देतो. करारात 'दैवी आपत्ती'चं कलम असतंच. म्हणजे मधल्या काळातली सगळी जोखीम कारखान्याची, आणि कारखान्याकडे शिल्लक नसते, म्हणून ती त्याच महिन्याच्या पगारावर येते. लोकांनी ब्रँडांची नावं घेऊन पाठपुरावा केल्यावर पुष्कळांनी पैसे द्यायचं मान्य केलं. तेव्हा ग्राहकाच्या आवाजाचा उपयोग होतो, पण तो कपडे न घेण्यापेक्षा पैसे देण्याच्या अटींवर लावला तर.

वेतनाचं म्हणाल तर २०२३ मध्ये संघटनांची मागणी २३,००० टकांची होती, मिळाले १२,५००. त्या आंदोलनात चार कामगारांचा जीव गेला आणि हजारो 'अनोळखी' आरोपींवर गुन्हे नोंदवले गेले. अनोळखी आरोपी ठेवायचा फायदा हा की पुढे कुणाचंही नाव त्यात बसवता येतं. संघटनेची नोंदणी करायची तर आधी ३० टक्के कामगारांच्या सह्या लागत, २०१८ च्या दुरुस्तीने त्या २० टक्क्यांवर आल्या. पाच हजार कामगारांच्या कारखान्यात त्याही एक हजार सह्या होत, आणि त्या गोळा करणारी बाई दुसऱ्या दिवशी गेटवर अडवली जाई.

महागड्या ब्रँडबद्दल: किमतीवरून काहीही कळत नाही. एकाच कारखान्यात एका लाइनवर पाच डॉलरचा टी-शर्ट आणि शेजारच्या लाइनवर पस्तीस डॉलरचा चाललेला असतो. कापडाचं वजन, छपाई, जाहिरात यात फरक असतो. मशीनवरच्या बाईचा पगार तोच.

---

टाकाधागा

भरपाईचा मुद्दा राहतोय, तो टिपणात जरूर घ्या.

राणा प्लाझाच्या वेळी बांगलादेशच्या कायद्याने कामावर मृत्यू झाल्यास भरपाई होती १ लाख टका. एकरकमी. २०१८ मध्ये ती २ लाख झाली, कायमच्या अपंगत्वाला अडीच लाख. वरच्या वेतनाने हिशेब केला तर २ लाख म्हणजे सोळा महिन्यांचा किमान पगार. कमावती बाई पंचविशीत गेली तर घराला सोळा महिने.

राणा प्लाझाच्या कुटुंबांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या निकषांवर, म्हणजे गेलेल्या उत्पन्नाच्या हिशेबाने, वेगळी व्यवस्था उभी केली. ३ कोटी डॉलर लागणार होते. ब्रँडांनी त्यात स्वेच्छेने भर घालायची होती, त्यामुळे रक्कम पुरी व्हायला जून २०१५ उजाडला. दोन वर्षं! हात-पाय गेलेली माणसं दोन वर्षं कुणाची स्वेच्छा जागी होतेय याची वाट बघत होती.

२०२२ पासून तिथे अपघात विम्याची प्रायोगिक योजना चालू आहे. त्यात सहभागी ब्रँड आपल्या खरेदीच्या ०.०१९ टक्के देतात आणि कायद्याच्या एकरकमी भरपाईवर दरमहा निवृत्तिवेतनासारखी भर पडते. ३ डॉलरला घेतलेल्या कपड्यामागे हे एका सेंटच्या सतराव्या हिश्शाइतके पैसे झाले. इतक्या कमी पैशात होणारी गोष्टही ऐच्छिक ठेवलेली आहे.

---

उसवण

खूप आभार, ओव्हरटाइमची फोड तर कुठेच वाचली नव्हती. दोन उपप्रश्न. जीन्सच्या फिकट रंगाबद्दल काहीतरी वाचल्याचं आठवतं, ते प्रकरण काय? आणि वाचकगटातल्या माणसाने एखादा कपडा हातात घेऊन तो कुठल्या कारखान्यातला हे शोधायचं ठरवलं तर?

---

निळीचा_डाग

जीन्सचं सांगतो. नवी जीन्स जुनी दिसावी म्हणून मांडीवर, गुडघ्यावर रंग उतरवतात. एक रीत म्हणजे दाबाच्या हवेने वाळूचा मारा, सँडब्लास्टिंग. वाळूत सिलिका असते, ती फुटून अतिसूक्ष्म धूळ होते आणि फुप्फुसात घट्ट होऊन बसते. हा सिलिकोसिस, आणि तो बरा होत नाही. खाणीत वीस-पंचवीस वर्षांनी होणारा आजार तुर्कस्तानात जीन्सवर वाळू मारणाऱ्या तरुण पोरांना काही वर्षांतच झाला, कारण बंद खोली, दिवसभर मारा आणि तोंडाला साधं फडकं. फडक्याने ही धूळ अडत नाही. तुर्कस्तानने २००९ मध्ये यावर बंदी घातली, पुढे अनेक ब्रँडांनीही घातली. काम बंद झालं नाही, दुसऱ्या देशांत सरकलं.

आता त्या जागी पोटॅशियम परमँगनेटचा फवारा चालतो. टांगलेल्या जीन्सवर जांभळं पाणी फवारायचं, मग सोडियम मेटाबायसल्फाइटने उदासीन करायचं. फवाऱ्याचा तुषार श्वासात गेला तर घसा-फुप्फुसाला झोंबतो, डोळ्यांना इजा करतो. पाण्याचा पडदा असलेलं कपाट, बाहेर ओढणारा पंखा आणि योग्य फिल्टरचा मास्क, तिन्ही हवेत. एक नसेल तर बाकीची दोन पुरत नाहीत. लेझरने तोच परिणाम मिळतो, पण मशीनची किंमत मोठी, त्यामुळे कमी भावाची ऑर्डर फवाऱ्यावरच जाते. पांढरट डाग एकसारखे आणि बारीक रेघांचे असतील तर बहुधा लेझर, कडा धुरकट असतील तर फवारा, असा अंदाज बांधता येतो. खात्री नाही देता येत.

---

तुळईखांब

कपड्यावरून कारखाना शोधायचा क्रम:

लेबलवरचं 'मेड इन' साधारणपणे फक्त शिलाईचा देश सांगतं. कापूस, सूत, विणकाम, रंगाई कुठेही झालेली असू शकते, आणि सगळ्यात धोकादायक रसायनं रंगाईतच असतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कपड्यावर पुष्कळदा 'आरएन' आणि पुढे आकडे असतात. तो कारखान्याचा क्रमांक नसतो, आयातदार किंवा विक्रेत्याचा असतो. फेडरल ट्रेड कमिशनच्या संकेतस्थळावर तो टाकला की कंपनीचं नाव निघतं. निनावी, भलत्याच ब्रँडनावाने विकल्या जाणाऱ्या मालाला हे फार उपयोगी.

मग त्या कंपनीची पुरवठादार यादी शोधा. बऱ्या यादीत कारखान्याचं पूर्ण नाव, पत्ता, मूळ कंपनी, काय बनतं आणि कामगारांची अंदाजे संख्या असते. नुसती देशांची नावं असतील तर ती यादी नव्हेच. रंगाई-धुलाईचे कारखाने वेगळे दिलेत का आणि यादी शेवटची कधी बदलली तेही बघा. नाव मिळालं की 'ओपन सप्लाय हब'वर टाका, तिथे आणखी कोणकोणते ब्रँड त्याच कारखान्यात शिवून घेतात ते दिसतं. कारखाना बांगलादेशचा असेल तर आरएससीच्या संकेतस्थळावर (अकॉर्डचं तिथलं काम २०२० पासून ही संस्था बघते) त्याचा दुरुस्ती आराखडा आणि किती टक्के काम झालं ते सापडेल. टक्केवारीवर थांबू नका. ९२ टक्के झालं असेल आणि उरलेल्या आठात खांबांचं काम किंवा जिन्याची आगरोधक दारं असतील, तर त्या ९२ ला काही किंमत नाही. पाकिस्तानसाठीही आता असाच करार आहे.

ब्रँडला लिहायचं झालं तर "तुम्ही नैतिक आहात का" असं विचारू नका, छापील उत्तर येतं. नेमकं विचारा. इंटरनॅशनल अकॉर्डवर (वरच्या अकॉर्डचा पुढचा करार) तुमची सही आहे का, पाकिस्तानच्या करारावरही आहे का? माल पोचल्यावर किती दिवसांत पैसे देता? नमुना मंजूर करायला तुमच्याकडून उशीर झाला तर माल चढवायची तारीख तितकीच पुढे जाते का, हे करारात लिहिलंय का? भाव ठरवताना मजुरीची रक्कम वेगळी काढून ठेवता का, की तीही घासाघिशीत जाते? कापड कापून झाल्यावर ऑर्डर रद्द केली तर कापडाचे आणि मजुरीचे पैसे देता का? अपघात विमा योजनेत आहात का?

युरोपातल्या मोठ्या कंपन्यांना पत्रात, पुरवठादारांकडच्या धोक्यांची जबाबदारी कंपनीवर टाकणाऱ्या त्यांच्या देशाच्या कायद्याचा उल्लेख करा. फ्रान्सचा २०१७ चा आहे, जर्मनीचा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. ग्राहक विभागाऐवजी त्या कायद्याखालच्या तक्रार यंत्रणेकडे पाठवलं तर पत्राची नोंद करावी लागते. कारखान्याचं नाव आणि पत्ता यादीत आहे तसाच लिहा. त्या पत्त्यावर दोन-तीन कंपन्या एकाच इमारतीत असतील, तर इतरांची नावंही घाला, कारण जिने त्यांचे सामायिक असतात.